नवं इंजिन आखताना: काय आधी गोठवायचं, काय मागे ठेवायचं

शेव्हरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ व्ही-८ इंजिनात शेजारच्या दोन सिलिंडरांच्या केंद्रांमधलं अंतर ४.४ इंच, म्हणजे १११.७६ मिमी ठरलं ते १९५५ साली. पुढे कार्ब्युरेटर गेला, फ्युएल इंजेक्शन आलं, ओतीव लोखंडाच्या जागी अ‍ॅल्युमिनिअमचे ब्लॉक आले, व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा आली. तो आकडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहिला.

इंजिनाच्या नियोजनाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका आकड्यात आलं. काही निर्णय एका बैठकीत होतात आणि दशकं टिकतात. काही निर्णय गाडी विकली गेल्यानंतरही वर्कशॉपमध्ये लॅपटॉप जोडून बदलता येतात. प्रत्येक निर्णय मागे घ्यायला किती महिने आणि किती पैसे लागतील, हे आधी ओळखायचं आणि त्या क्रमाने निर्णय गोठवत जायचं. हा क्रम चुकला की हुशार माणसं आणि महागडी सॉफ्टवेअरं असूनही प्रकल्पाचं गाडं रुततं.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण सोबत घेऊ: तीन सिलिंडरचं, १.२ लिटरचं, टर्बो पेट्रोल इंजिन. टॉर्क २०० न्यूटन मीटर, ताकद ५५०० आरपीएमला ९० किलोवॅट. पुढचे हिशेब याच इंजिनाचे आहेत आणि ते कागद-पेन्सिलीने करता येतात. करून पाहाच.

पायरी १: शेवटच्या तारखेपासून उलटं मोजा

अगदी कोऱ्या कागदापासून सुरू होणाऱ्या इंजिनाला साधारण तीन ते चार वर्षं लागतात. असलेल्या इंजिनाचं नवं रूप काढायचं असेल तर दीड-दोन. पहिला तक्ता करताना आजच्या तारखेपासून पुढे जाऊ नका. उत्पादन सुरू व्हायची तारीख, म्हणजे एसओपी, भिंतीवर लावा आणि तिथून मागे या.

एसओपीच्या आधी पायलट लॉटचे, म्हणजे लाइनवर काढलेल्या पहिल्या चाचणी-खेपेचे, काही महिने. त्याआधी मशीनिंग लाइन बसवणं आणि ती स्थिर करणं. त्याआधी ब्लॉक आणि हेड ओतायचे साचे: डाय, कोअर बॉक्स, पॅटर्न. यातच वर्षभर सहज जातं. असं मागे येत गेलात की लक्षात येतं, ब्लॉक आणि हेडचं ड्रॉइंग एसओपीच्या जवळजवळ दोन वर्षं आधी पक्कं व्हायला हवं. पहिलं प्रोटोटाइप इंजिन तेव्हा जेमतेम काही महिने डायनोवर, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, फिरलेलं असतं. हे सत्य वरिष्ठांना पहिल्याच महिन्यात आकड्यांसह दाखवा. अठराव्या महिन्यात दाखवलंत तर ती सबब वाटते.

मग लांब मुदतीच्या भागांची वेगळी यादी करा: ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट, टर्बो आणि मशीनिंग लाइन. या यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे ‘शेवटचा बदल कधीपर्यंत चालेल’ ही तारीख हवी. दर आठवड्याच्या बैठकीत आधी ही तारीख वाचायची, बाकी गप्पा नंतर.

नवखा नियोजक हमखास विसरतो ते ऋतू. गाडीतल्या इंजिनाचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याच्या संगणकात भरलेल्या मूल्यांची जुळणी, कडाक्याच्या थंडीत, भर उन्हाळ्यात आणि उंचावरच्या विरळ हवेत तपासावं लागतं. थंडीची खोली असते, पण शेवटची खात्री रस्त्यावरच होते. वेळापत्रकात दोन हिवाळे आणि दोन उन्हाळे बसत नसतील तर ते वेळापत्रक खरं नाही. सुटे भाग तीन आठवडे उशिरा आले आणि हिवाळा हुकला, तर त्या तीन आठवड्यांची किंमत एक वर्ष असते.

पायरी २: लक्ष्यांचा कागद

‘इंजिन शांत हवं’, ‘मायलेज चांगलं हवं’ ही इच्छा झाली. लक्ष्याला चार गोष्टी लागतात: आकडा, तो कोणत्या परिस्थितीत मिळायला हवा, तो मोजायचा कसा, आणि त्याचं उत्तर देणारा माणूस कोण. ताकद, टॉर्क, इंधन, प्रदूषण, वजन, किंमत, आवाज-कंपनं, आयुष्य, सर्व्हिसमधलं अंतर या प्रत्येकासाठी चारही रकाने भरा. रिकामा राहिलेला रकाना पुढे भांडण होऊन परत येतो.

लक्ष्य किती अवघड आहे हे सांगणारा पहिला आकडा म्हणजे बीएमईपी, सरासरी परिणामकारक दाब. चार स्ट्रोक इंजिनासाठी टॉर्कला ४ पायने गुणायचं आणि एकूण घनफळाने भागायचं. आपल्या इंजिनाला हा आकडा २१ बार येतो. टर्बोशिवायचं चांगलं पेट्रोल इंजिन १२-१३ बारच्या आसपास असतं, म्हणजे इथे टर्बोला पर्याय नाही. २१ बार आजच्या टर्बो इंजिनांना आवाक्यातला आहे. मार्केटिंगने उद्या ‘थोडा टॉर्क वाढवा, २४० करा’ म्हटलं तर बीएमईपी २५ बारवर जातो. मग पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट, कूलिंग सगळंच पुन्हा काढावं लागतं. हा हिशेब बैठकीत तिथल्या तिथे करून दाखवता आला पाहिजे. ‘थोडा’ या शब्दाचं वजन तेव्हा सगळ्यांना कळतं.

दुसरी गोष्ट, इंजिन आयुष्यातला फार थोडा वेळ पूर्ण ताकदीवर असतं. गाडीचं वजन, गिअर आणि प्रमाणित ड्राइव्ह सायकल (चाचणीसाठी ठरवून दिलेला वेगाचा आलेख) घेऊन इंजिन सर्वांत जास्त वेळ कुठे चालतं ते दहा-बारा बिंदू काढा आणि प्रत्येकाला त्याच्या महत्त्वाप्रमाणे भारांक द्या. मायलेजची लढाई त्या बिंदूंवर जिंकायची असते. युरोपात २०१७ पासून प्रयोगशाळेतल्या इंधन-प्रदूषण चाचणीत जुन्या एनईडीसीच्या जागी डब्ल्यूएलटीपी चाचणी लागू झाली आणि तिच्या जोडीला खऱ्या रस्त्यावरची प्रदूषण चाचणीही आली. तेव्हापासून हे बिंदू इंजिनाच्या वेग-भार नकाशावर बरेच वर, जास्त भाराकडे सरकले. पूर्वी टर्बाइन थंड ठेवायला जास्तीचं पेट्रोल ओतून वेळ मारून नेता येई. तो रस्ता बंद होत चालला आहे. हवा-इंधनाचं प्रमाण सगळीकडे नेमकं ठेवायचं असेल तर एक्झॉस्टची उष्णता काढायची कुठे, याचं उत्तर हेडच्या डिझाइनमध्ये द्यावं लागतं. म्हणूनच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतून त्याभोवती पाणी फिरवण्याची पद्धत रूढ झाली.

गाडी हायब्रिड होणार असेल तर तेही आताच सांगा. मोटरची साथ असलेलं इंजिन अरुंद पट्ट्यात चालतं, म्हणून ते वेगळ्या धर्तीवर बांधता येतं. टोयोटाच्या २.५ लिटरच्या ‘डायनॅमिक फोर्स’ इंजिनाची औष्णिक कार्यक्षमता साध्या रूपात ४० टक्के आणि हायब्रिडमध्ये ४१ टक्के. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, अनुक्रमे १३ आणि १४. बोअर (सिलिंडरचा व्यास) ८७.५ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) तब्बल १०३.४. एवढा लांब स्ट्रोक पहिल्या महिन्यातच ठरवावा लागतो, नंतर घुसवता येत नाही.

पायरी ३: पाच मापं

बोअर, स्ट्रोक, दोन सिलिंडरांमधलं अंतर, ब्लॉकची डेक-उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या माथ्यापर्यंत) आणि क्रँकच्या जर्नलचे, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागांचे, व्यास. या पाच आकड्यांवर कारखाना उभा राहतो.

आपल्या इंजिनासाठी बोअर ७६ आणि स्ट्रोक ८८ मिमी घेतला तर एका सिलिंडरचं घनफळ ३९९ घनसेंटिमीटर, तिन्हींचं ११९८. स्ट्रोक-बोअर गुणोत्तर १.१६. लांब स्ट्रोकमुळे ज्वलनकक्ष आटोपशीर होतो आणि भिंतींतून उष्णता कमी वाया जाते. त्या बदल्यात पिस्टन जोरात पळतो: ६००० आरपीएमला सरासरी वेग सेकंदाला १७.६ मीटर. रोजच्या वापराच्या इंजिनाला हे ठीक आहे. २० च्या पुढे गेलात तर रिंगा, तेल आणि घर्षण यांचा वेगळा विचार करावा लागेल.

सिलिंडरांमधलं अंतर ८४ मिमी धरलं तर दोन बोअरमध्ये ८ मिमीची भिंत उरते. ‘८२ केलं तर इंजिन ४ मिमीने आखूड होईल’ असं कुणीतरी म्हणेलच. मग भिंत ६ मिमी. आजच्या इंजिनाला कदाचित पुरेल, पण दोन वर्षांनी १.३ लिटरचं रूप मागितलं आणि बोअर ७९ करावा लागला तर उरतात ३ मिमी. तिथे हेड गॅस्केट बसायला धड जागा नाही आणि भिंत थंड करायला पाण्याची वाट नाही. म्हणून हा आकडा पूर्ण इंजिन-कुटुंबाचा विचार करून ठरवा. पुढे कोणकोणती इंजिनं काढायची शक्यता आहे ते लिहून काढा, त्यातलं सर्वांत अवघड इंजिन पकडा आणि त्याच्यासाठी अंतर निवडा. ४ मिमी लांबीचा मोह इथे आवरलेला बरा.

ब्लॉक कसा ओतायचा हेही याच टप्प्यात ठरतं. हाय प्रेशर डाय कास्टिंग झटपट आणि मोठ्या संख्येला स्वस्त, पण साच्याला सरळ बाहेर निघावं लागतं, त्यामुळे पाण्याचा कप्पा वरून उघडा राहतो. उघड्या डेकमध्ये सिलिंडरचा वरचा काठ जरा मोकळा असतो आणि जास्त दाबाखाली हलतो. बंद डेक हवा असेल तर वाळूचे कोअर आणि संथ प्रक्रिया आली. दाब, संख्या आणि पैसा या तिघांना एका टेबलावर बसवल्याशिवाय इथे उत्तर निघत नाही.

तीन सिलिंडरचा स्वभावही मान्य करून चला. वर-खालच्या बलांचा तोल साधतो, पण इंजिन पुढे-मागे झुलवणारी जोडी शिल्लक राहते. बॅलन्स शाफ्ट घालायचा, की पुली आणि फ्लायव्हीलमध्ये मुद्दाम असंतुलन ठेवून कंपनाची दिशा वळवायची आणि उरलेलं माउंटवर सोपवायचं, हे गाडीच्या टीमसोबत ठरवा. बॅलन्स शाफ्टची जागा ब्लॉकमध्ये असते, म्हणजे हाही आधीच गोठणारा निर्णय.

पायरी ४: धातू कापण्याआधी

आधी वन-डी सिम्युलेशन: हवा आत कशी येते, टर्बो कुठे दमतो, व्हॉल्व्हची वेळ काय असावी. मग ज्वलनासाठी सीएफडी, म्हणजे वायूंच्या प्रवाहाचं संगणकीय गणित. त्याच वेळी एका सिलिंडरचं संशोधन इंजिन डायनोवर फिरवून इंजेक्टरची जागा, पिस्टनच्या माथ्याचा आकार आणि कॉम्प्रेशन रेशो प्रत्यक्ष पाहून घ्या. सिम्युलेशन करणाऱ्यांना एकच नियम घाला: प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर, हे मॉडेल कोणत्या प्रत्यक्ष मोजमापाशी पडताळलं आणि किती फरक आला, हे असलंच पाहिजे. न पडताळलेल्या मॉडेलच्या रंगीत चित्रावर माणसं फार लवकर विश्वास ठेवतात.

पायरी ५: सुटे भाग, बलाच्या वाटेने

भागांचं डिझाइन विभागवार न करता बलाच्या वाटेने करा. स्फोटाचा दाब पिस्टनवर पडतो, तिथून गजन पिनवर (पिस्टन आणि रॉड जोडणारी पिन), कनेक्टिंग रॉडवर, क्रँकवर, मेन बेअरिंगवर, ब्लॉकवर. आणि वरच्या बाजूने हेडवर, हेड बोल्टवर आणि परत ब्लॉकवर. वाट बंद वर्तुळासारखी आहे. वर्तुळातल्या प्रत्येक भागाच्या डिझायनरकडे दाबाचा एकच आकडा असला पाहिजे.

आपण कमाल दाब १२० बार धरू. ७६ मिमी बोअरवर तो ५४ किलोन्यूटन होतो, म्हणजे जवळपास साडेपाच टन, एका तळहाताएवढ्या पिस्टनवर. उलट बाजूने पाहा: ६००० आरपीएमला वरच्या टोकाशी पिस्टनचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २३०० पट असतं. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा हिस्सा मिळून ४५० ग्रॅम धरले तर रॉडला ओढणारं बल १० किलोन्यूटनच्या वर जातं. रॉड कमी वेगात दाबला जातो आणि जास्त वेगात ताणला जातो. रॉडचा दांडा पहिल्या बलासाठी काढायचा, रॉडचे बोल्ट दुसऱ्यासाठी. पिस्टन १० ग्रॅमने हलका झाला की त्याचा फायदा रॉड, बेअरिंग, क्रँकचं काउंटरवेट असा खाली झिरपत जातो. म्हणून वजन कमी करायला पिस्टनपासून सुरुवात करतात.

पिस्टनची गंमत त्याच्या आकारात आहे. ड्रॉइंगवर गोल दिसणारा हा भाग मुळात गोल नसतो आणि सरळही नसतो; किंचित लंबगोल आणि पिंपासारखा फुगीर असतो. कारण उष्णता. अ‍ॅल्युमिनिअम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. माथ्याजवळचा काठ २९० अंशांपर्यंत तापला तर ७६ मिमी व्यास ०.४ मिमीपेक्षा जास्त वाढतो. त्याच वेळी लोखंडी लायनर जेमतेम ०.०८ मिमी फुगतो. म्हणून वरचा काठ थंड असताना व्यासात अर्धा मिमी लहान ठेवतात, तर खालच्या स्कर्टला, जो कमी तापतो, काही शतांश मिलिमीटरच मोकळीक देतात. ही मोकळीक जास्त झाली तर सकाळी थंड इंजिनात पिस्टन टकटकतो, कमी झाली तर गरम इंजिनात अडकतो. खालून तेलाचा फवारा देणारे जेट घालायचे असतील तर त्यांचं जास्तीचं तेल ऑइल पंपाच्या हिशेबात लगेच धरा. पंप आधी ठरवून जेट नंतर घातले की बेअरिंगांच्या वाट्याचं तेल कमी पडतं.

हेड बोल्टचा हिशेब लोकांना चकित करतो. प्रत्येक सिलिंडरभोवती चार बोल्ट. ५४ किलोन्यूटन चौघांत वाटले तर प्रत्येकी साडेतेरा. मग एम-१० चा १०.९ दर्जाचा बोल्ट यील्डपर्यंत, म्हणजे कायमचा लांबण्याच्या सीमेपर्यंत, ताणून प्रत्येकी ४५ किलोन्यूटनच्या आसपास पकड का घ्यायची? कारण गॅस्केटच्या उंचवट्यांना दाबून धरायला बल लागतं, हेड तापून थंड होताना पकड बदलते, आणि कोट्यवधी स्फोटांत तो जोड एकदाही उघडता कामा नये. पण एवढ्या पकडीने खालचा ब्लॉक ओढला जातो आणि गोल बोअर काही मायक्रॉनने वेडावाकडा होतो. वाकड्या बोअरमध्ये रिंग नीट टेकत नाही आणि इंजिन तेल पितं. यावर एक उपाय असा की होनिंग करताना, म्हणजे बोअर आतून घासून नेमका करताना, ब्लॉकवर हेडच्या जागी जाड प्लेट तितक्याच ताणाने कसायची आणि त्या ताणलेल्या अवस्थेत बोअर गोल करायचा. बोल्टच्या डिझायनरचा निर्णय असा होनिंग मशीनच्या फिक्श्चरपर्यंत पोहोचतो.

हेडमध्ये सगळ्यात नाजूक जागा म्हणजे दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधला अरुंद पूल. २५० अंशांच्या वर गेलं की नेहमीच्या कास्टिंग अ‍ॅल्युमिनिअमची ताकद वेगाने घसरते. तो पूल तापताना फुगू पाहतो, आजूबाजूचा थंड धातू त्याला फुगू देत नाही, तो आतल्या आत दबून किंचित कायमचा बसतो. थंड होताना तोच ओढला जातो. असं शेकडो, हजारो वेळा झालं की तडा. इथे धातूची जाडी वाढवणं बहुधा चुकीचं ठरतं, कारण जाडी वाढली की तापमानही वाढतं. पाणी जवळ आणायचं हा खरा उपाय.

हेडमधलीच एक चूक माझ्या वाट्याला आली होती. इंजिन तिरकं करून चालवण्याच्या चाचणीत ते अचानक निळा धूर सोडू लागलं. रिंगा तपासल्या, टर्बो बदलला, तेल बदललं, धूर तसाच. शेवटी हेड कापून पाहिलं. मागच्या बाजूचं तेल परत खाली नेणारं भोक निम्म्याने अरुंद झालं होतं, कारण दुसऱ्याच कुणाच्या ब्रॅकेटसाठी बोल्टचा बॉस (बोल्ट बसायचा फुगवटा) ६ मिमी सरकवला होता. इंजिन तिरकं झालं की तेल हेडमध्येच साचे आणि ब्रीदरमधून (आतले वायू बाहेर नेणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये जाई. ब्रॅकेटवाल्याचं बरोबर होतं, बॉस सरकवणाऱ्याचंही बरोबर होतं. तेलाच्या वाटेला मात्र कुणी मालक नव्हता. कोअर बॉक्स दुरुस्त होऊन नवी कास्टिंग यायला अकरा आठवडे गेले. तेव्हापासून मी भागांच्या यादीशेजारी वाटांची यादी ठेवतो: तेलाची, पाण्याची, हवेची, उष्णतेची आणि वायरिंगची. प्रत्येक वाटेला एक नाव, आणि त्या माणसाच्या सहीशिवाय त्या वाटेवरच्या कोणत्याही भागाचं ड्रॉइंग बदलायचं नाही.

टॉलरन्सचा, म्हणजे मापात चालणाऱ्या चुकीचा, हिशेबही डिझाइनचाच भाग आहे, ड्रॉइंगवर शेवटी घालायची सजावट नव्हे. आपल्या इंजिनाचा कॉम्प्रेशन रेशो १०.५. पिस्टन ०.१ मिमी वर आला तर तो १०.६ होतो. ती उंची पाच मापांतून येते: डेक ±०.०५, क्रँक थ्रो ±०.०४, रॉड ±०.०३, पिस्टन ±०.०३, गॅस्केट ±०.०३. सगळं एकाच दिशेने चुकलं तर ०.१८ मिमी, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं तर ०.०८, जे प्रत्यक्षाच्या जवळ जाणारं आहे. आता ओतीव ज्वलनकक्षाचं घनफळ फक्त अर्धा घनसेंटिमीटर कमी भरलं तर एकट्या त्यानेच रेशो ०.१ ने वाढतो. म्हणजे रॉडची टॉलरन्स आवळण्यात पैसे घालण्याआधी कक्षाच्या कास्टिंगकडे पाहा. सर्वांत जास्त रेशो असलेलं सिलिंडर आधी नॉक करतं (त्यातलं मिश्रण आपोआप भडकून ठोके देतं), आणि हजारो इंजिनांसाठी भरायचा इग्निशनचा नकाशा (ठिणगीच्या वेळेचा तक्ता) त्या बिचाऱ्याला सांभाळून आखावा लागतो.

पायरी ६: काय बिघडेल, ते आधी लिहा

डीएफएमईए, म्हणजे डिझाइनमध्ये काय बिघडू शकतं याची पद्धतशीर यादी, हा प्रकार अनेक ठिकाणी कागदी घोडे नाचवण्यापुरता उरतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण नीट केला तर तो सर्वांत स्वस्त चाचणी ठरतो. एआयएजी आणि व्हीडीए या अमेरिकेच्या आणि जर्मनीच्या वाहन उद्योग संघटनांची त्यासाठीची संयुक्त पुस्तिका २०१९ मध्ये आली. तिने गांभीर्य, वारंवारता आणि बिघाड पकडला जाण्याची शक्यता या तीन आकड्यांचा गुणाकार करून क्रम लावण्याची जुनी पद्धत बाजूला ठेवली आणि कृतीचा प्राधान्यक्रम ठरवणारे तक्ते दिले. त्यात गांभीर्याला सर्वांत जास्त वजन आहे. ते योग्यच आहे.

बसायचं तेव्हा डिझायनर, टेस्टवाला, फाउंड्रीचा माणूस आणि सर्व्हिसमध्ये वर्षानुवर्षं इंजिनं उघडलेला मेकॅनिक, हे चौघे हवेत. शेवटच्याला बोलवायला विसरू नका. यादीतला प्रत्येक गंभीर बिघाड एका ठरावीक चाचणीशी जोडा. ज्याला चाचणी नाही, त्याच्यापुढे लाल खूण.

किती नमुने तपासायचे? साधं गणित आहे: ९० टक्के विश्वासाने ९० टक्के टिकाऊपणा सिद्ध करायचा तर २२ नमुने एकही बिघाड न होता पूर्ण आयुष्याची चाचणी पार पडले पाहिजेत. तीन इंजिनं चालवून ‘काही झालं नाही’ म्हणणं फार थोडं सांगतं. पूर्ण इंजिनं २२ चालवणं परवडत नाही, म्हणून रॉड, क्रँक, व्हॉल्व्ह स्प्रिंग यांच्या चाचण्या स्वतंत्र रिगवर मोडेपर्यंत घ्यायच्या. मोडलेला भाग न मोडलेल्यापेक्षा कितीतरी जास्त शिकवतो.

पायरी ७: प्रोटोटाइपच्या फेऱ्या

पहिली फेरी थ्री-डी प्रिंट केलेल्या वाळूच्या कोअरमधून: ज्वलन, ताकद, घर्षण. दुसरी फेरी सुधारलेल्या डिझाइनची: टिकाऊपणा. तिसरी फेरी खऱ्या उत्पादनाच्या डाय आणि मशीनवरून आलेल्या भागांची. पहिल्या फेरीत उत्तम चाललेलं हेड तिसऱ्या फेरीत तडकू शकतं, कारण वाळूतलं कास्टिंग आणि डायमधलं कास्टिंग यांची अंतर्गत रचना सारखी नसते. म्हणून टिकाऊपणाचा अंतिम निकाल फक्त तिसऱ्या फेरीवर द्यायचा.

चाचण्यांत पूर्ण भाराचे शेकडो तास, गरम-थंड पाण्याचा थर्मल शॉक, ओव्हरस्पीड, तिरकं इंजिन, थंड स्टार्ट आणि तेलाचा खप एवढं तरी हवं. टर्बो इंजिनात कमी वेगावरच्या अकाली ज्वलनाकडे, ज्याला एलएसपीआय म्हणतात, विशेष लक्ष द्या. एकच झटका पिस्टनचा रिंग-लँड, म्हणजे दोन रिंगांमधला अरुंद पट्टा, तोडू शकतो. त्याचा संबंध इंजिन तेलातल्या कॅल्शियमयुक्त डिटर्जंटशी आहे हे कळल्यावर तेलांची घडण बदलली, आणि २०२० मध्ये आलेल्या आयएलएसएसी जीएफ-६ या इंजिन तेलाच्या मानकात त्यासाठी चाचणी आली. म्हणून तेलाचा दर्जा पहिल्या प्रोटोटाइपआधी ठरवा. तेल हाही इंजिनाचा सुटा भागच आहे.

चाचणी संपली की इंजिन उघडताना घाई करू नका. बोल्ट सोडताना लागलेला टॉर्क टिपा. बेअरिंगचे शेल त्यांच्या क्रमाने कागदावर मांडा, धुण्याआधी फोटो घ्या. चमकलेली कड सांगते की जर्नल तिरका बसतो आहे. मधोमध पडलेली रेष सांगते की तेलातून कचरा गेला. धुतल्यावर निम्मा पुरावा नाल्यात जातो.

पायरी ८: कॅलिब्रेशन आणि कारखाना

ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनाच्या संगणकात, भरायच्या मूल्यांची संख्या हजारोंच्या घरात जाते. कॅलिब्रेशनवाल्यांना हार्डवेअर जितकं लवकर स्थिर द्याल तितकं चांगलं. इंजेक्टरचा फवारा किंवा टर्बोचं चाक बदललं तर आधीचं काम मोठ्या प्रमाणात पुन्हा करावं लागतं. सॉफ्टवेअर उशिरा बदलता येतं, म्हणून हार्डवेअरच्या चुका त्यावर ढकलायची सवय लागते. किरकोळ खोड झाकली जाईल, पण अपुरं थंड होणारं हेड नकाशे बदलून बरं होत नाही. ताकद कापली जाते आणि लक्ष्यांचा कागद खोटा ठरतो.

मशीनिंगच्या लोकांना ड्रॉइंग पक्कं व्हायच्या आधी बोलवा, नंतर नव्हे. कास्टिंग कुठल्या बिंदूंवर टेकवायचं, कुठे पकडायचं, ड्रिलचं टोक कुठे पोहोचतं हे त्यांनाच ठाऊक असतं. पायलट लॉटमध्ये प्रत्येक महत्त्वाच्या मापाची क्षमता, म्हणजे ते टॉलरन्समध्ये किती भरवशाने येतं, मोजा, पुरवठादारांचं पीपीएपी, म्हणजे भाग उत्पादनाला योग्य असल्याची मंजुरी, पूर्ण झाल्याशिवाय भाग लाइनवर घेऊ नका, आणि इंजिन न पेटवता मोटरने फिरवून तपासणाऱ्या कोल्ड टेस्टच्या मर्यादा मुद्दाम बिघडवलेली इंजिनं चालवून ठरवा. उलटी रिंग किंवा सुटलेला बेअरिंग शेल त्या टेस्टला सापडतो का, हे तिथेच कळतं.

पायरी ९: बदलांचं दार, आणि परत आलेली इंजिनं

ड्रॉइंग गोठल्यावरही बदल येणारच. दार बंद करू नका, त्यावर पहारा ठेवा. प्रत्येक बदलाच्या अर्जात तीन गोष्टी मागा: का हवा, कोणत्या वाटांवरून जातो, कोणती चाचणी पुन्हा करावी लागेल. आणि मूळ निर्णय का घेतला होता ते त्याच फाइलमध्ये लिहिलेलं हवं. ‘भिंत ८ मिमी ठेवली, कारण पुढे मोठ्या बोअरची शक्यता’ ही एक ओळ लिहिलेली नसेल तर पाच वर्षांनी कुणीतरी चांगल्या हेतूने ती भिंत पातळ करेल.

उत्पादन सुरू झालं की टीम पांगते. तसं होण्याआधी दोन-चार जणांना किमान वर्षभर याच इंजिनावर ठेवा आणि वॉरंटीत परत आलेली पहिली काही इंजिनं डिझायनरच्या समोर उघडा. त्याच्या हातात स्वतःच्या ड्रॉइंगची प्रत द्या, मोजलेली मापं त्याच्याकडूनच तिच्यावर लाल पेनाने लिहून घ्या, आणि ती प्रत पुढच्या इंजिनाच्या पहिल्या बैठकीच्या टेबलावर ठेवा.